सातव्या महिन्यातला गुळाचा पाक

माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, या दोघांवर माझा फार भरवसा होता. शेलूबाजारजवळच्या आमच्या मळ्यात वडील दर हिवाळ्यात गुऱ्हाळ घालत. उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, उकळून घट्ट झाला की गूळ नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणाऱ्या माणसाला गुळव्या म्हणतात. आमच्याकडे बाहेरचा गुळव्या कधी आला नाही. वडील स्वतःच ते काम करत, आणि मला भाऊ नसल्यामुळे त्यांच्याशेजारी मी उभी असे. थंड पाण्यात बोटं बुडवायची, ढवळायच्या दांड्याला लागलेला उकळता पाक चिमटीत धरायचा आणि तार ओढून बघायची. पहिल्या वर्षी बोटांना फोड आले, दुसऱ्या वर्षी कमी आले, तिसऱ्या वर्षी आलेच नाहीत. लग्न होईपर्यंत अशी गत झाली होती की वडील काहिलीकडे न बघता माझ्याकडे बघत आणि मी मान हलवली की काहील उतरे.

गुऱ्हाळावर गूळ घोटणाऱ्या कुणाचेही हात बघा, मनगटापासून कोपरापर्यंत केस नसतो. गूळ हाताला चिकटतो, वाळतो आणि ओढला की केस घेऊनच निघतो. हे बघूनच आमच्याकडच्या बायकांनी आपली युक्ती काढली असणार. हंगाम संपत आला की वाटीभर पाकात लिंबू पिळायचं, तो चुलीवर मऊ करायचा, आणि दुपारी पुरुष जेवून आडवे झाले की कडब्याच्या गंजीआड बसून एकमेकींचे हातपाय साफ करायचे. पाक थापायचा, जरा थांबायचं आणि सटकन ओढायचा. खेड्यातल्या बायकांना नटणं ठाऊक नव्हतं असं जो कुणी म्हणतो, तो आमच्या गंजीआड आलेला नाही. माझ्या हातांवर लहानपणापासून दाट लव, त्यामुळे गंजीआड माझी जागा ठरलेली असे.

लग्न होऊन मी वाशीमला आले. गावाबाहेर सासरचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला उसाचा एक लहानसा तुकडा. पहाटे भाजी तोडायची, धुवायची आणि बाजारात पाठवायची, यात दिवस कुठे जाई ते कळत नसे. पहिल्यांदा दिवस गेले ते मी अशीच टोपल्या उचलत काढले, आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. सासूबाईंनी मला दूषण दिलं नाही, पण बोलल्याही नाहीत. त्या दिवसाची आठवण आली की मला अजून रडू येत नाही, राग येतो. कुणाचा राग येतो ते मात्र मला कधी सांगता आलं नाही.

दुसऱ्या खेपेला टोपल्या बंद झाल्या. सासूबाई मला बादलीसुद्धा उचलू देईनात. सहावा गेला, सातवा लागला, पोटातलं लेकरू पाय मारायला लागलं, तशी मी पुन्हा माणसांत आले. हसायला लागले, भांडायलाही लागले. ओटी भरायचा दिवस ठरला. हिरव्या बांगड्या, हिरवं लुगडं, फुलांच्या वेण्या आणि आळीतल्या झाडून साऱ्या बायका. अंगावरची लव मात्र त्या महिन्यांत अशी काही वाढली होती की मलाच माझे हात ओळखू येईनात.

माझी नणंद वाशीमातच दिली होती. तिचा नवरा कचेरीत कारकून, त्यामुळे मळ्यावर आली की ती शहरच घेऊन येई. तिनं माझा हात उचलून पाहिला आणि म्हणाली, "वयनी, हा हात हाये का भुट्ट्याचं कणीस? कासारीण बांगड्या बाईले भरून राह्यली का अस्वलाले, लोकाईले समजणार नाही."

"तुह्यासारख्या गोऱ्या बायाईनं अस्वल पाह्यलं नसते, म्हणून तुले तसं वाटते," मी म्हटलं.

पण बोललं ते लागलं होतं. तिनं पदराच्या गाठीतून एक पुडी काढली. पिवळसर पूड होती. पाण्यात कालवून अंगाला लावायची आणि घडीभरानं पुसून काढायची, केस आपोआप निघतात, बाजारातल्या बायका लावतात, असं तिनं सांगितलं. पुडी उघडली तर नाकातले केस जळावेत असा वास. त्याच वेळी आमची सुईण दारात आली. माझ्या पहिल्या वेळेला तीच होती, आणि या खेपेला ती आठवड्याला एकदा येऊन पोट चाचपून जाई. तिनं पुडी हातातून घेतली, हुंगली आणि सरळ उकिरड्याकडे चालती झाली. परत येऊन हात राखेनं धुतले.

"चुना आन् हरताळ हाये ते. लोक उंदराले घालतेत," ती नणंदेला म्हणाली. "पोटुशी बाईच्या अंगाले लावाले आणलं? डोकं ठिकाण्यावर हाये काय?"

नणंदेनं पदराची गाठ पुन्हा बांधली. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. आमच्या माहेरच्या पाकाचं विचारलं. सुईण जरा विचारात पडली, मग माझ्यासमोर बसली.

"हाताले लाव. पायाले लावशीन तं गुडघ्याखाली, समोरून. पोटाले नाही, छातीले नाही, मांडीले नाही. पोटरीवर तुह्या शिरा फुगल्या हायेत, निळ्या निळ्या, तिथं तं बिलकुल लावू नको. सातव्या महिन्यात कातडं पयल्यावानी रायत नाही, नाजूक होते. पाक कोमट पाह्यजे. पयले कोपराच्या आतून थेंब लावून पाह्यजो. तिथं सोसलं तं बाकी सोसन."

हे सगळं तिनं मला बोटांवर मोजून मोजून सांगितलं. मी मान हलवली. मनात म्हटलं, बाळंतपण तुझं, पाक माझा. ज्या मुलीनं मान हलवली की काहील उतरते, तिला पाक किती गरम आहे ते कोपरानं बघायला सांगतेस होय? कोपरानं बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात.

ओटी भरायला दोन दिवस उरले असताना सासूबाई बाजारात गेल्या आणि मी आणि नणंदेनं चूल पेटवली. गूळ, थोडं पाणी, दोन लिंबं. सोनेरी फेस आला, तो बसला, पाक गडद झाला आणि घरभर माहेरचा वास सुटला. मला इतकं बरं वाटलं की मी गुणगुणायला लागले. चिमटीत धरून तार बघितली. झकास. डावा हात मी स्वतःच केला, उजव्या हातानं थापून, लव ज्या बाजूला वळते तिच्या उलट ओढून. हात जरा लाल झाला, पण काय गुळगुळीत झाला! नणंदेनं त्यावरून बोट फिरवलं आणि तिचं तोंड बघण्यासारखं झालं. उजव्या हाताला दुसऱ्याचा हात लागतो, म्हणून तो तिच्यासाठी शेवटी ठेवला आणि मी पायांकडे वळले.

नडग्या झाल्या तोवर वाटीतला पाक थंड होऊन आवळला होता. मी चुलीवरून नवा घेतला. चिमटीत धरला. अंगठा म्हणाला ठीक आहे. खरं तर नडग्यांवरच थांबायचं होतं, पण पुढून पाय गुळगुळीत आणि मागून पोटरी केसाळ, हे काही मला बघवेना. मी पाय वळवला आणि पोटरीवर पाक थापला.

पुढचं सांगायला जितका वेळ लागतो तितकाही वेळ लागला नाही. पोटरीत निखारा ठेवल्यासारखं झालं. मी ओरडले, नणंद घाबरली आणि तिनं मला सोडवायचं म्हणून तो पाक खसकन ओढला. पाकाबरोबर कातडी आली. मी मागे कोसळले, भिंतीचा आधार मिळाला म्हणून डोकं वाचलं, आणि त्याच क्षणी पोट आवळलं. असं घट्ट झालं की हात लावला तर दगडाला लावल्यासारखं वाटलं. पहिल्या खेपेला असंच झालं होतं. तसंच, अगदी तसंच.

सासूबाई दारात आल्या तेव्हा नणंद मला पाणी पाजत होती. मी तिला बजावून ठेवलं होतं की खरं सांगायचं नाही. "चुलीपाशी पाय घसरला वयनीचा," ती म्हणाली. सासूबाई हातातली टोपली तिथेच टाकून वळल्या, आणि स्वतः सुईणीकडे धावत गेल्या. त्या वयात त्यांना धावताना मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सुईणीनं पाय बघितला. पोटरीच्या कडेनं गूळ अजून चिकटलेला होता.

"चुलीतून गूय उडते काय आजकाल?" ती म्हणाली.

मी तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच. पण पोटात काही हलत नव्हतं. सकाळी भाकर थापताना ज्यानं लाथ मारून मला हसवलं होतं, ते आता हलत नव्हतं. खोटं कुणासाठी बोलायचं होतं मग? मी सगळं सांगितलं. पाक, अंगठा, पोटरी, सगळं.

ती रागावली नाही, तेच मला जास्त भीतीचं वाटलं. उरलेला गूळ तिनं ओढू दिला नाही. रांजणातलं गार पाणी तांब्यातांब्यानं पायावर सोडत राहिली आणि तो आपोआप विरघळून गेला. मग कोरफडीचा गर लावून जुन्या धुतलेल्या लुगड्याची पट्टी सैल बांधली. मला डाव्या कुशीवर निजवलं, पाठीशी गोधडीची गुंडाळी लावली, तांब्याभर गार ताक प्यायला लावलं आणि माझ्या पोटावर हात ठेवून बसली. बाहेर विहिरीवर मोट चालू होती, ती थांबली. आमचे हे दारात आले, पाय चिखलानं भरलेले, आणि "काय झालं?" म्हणून तिथेच उभे राहिले. "काही नाही झालं, आन् होऊ देत नाही. तुमी आपली मोट हाका," सुईण म्हणाली. ते गेले, पण मोटेचा आवाज काही आला नाही.

दुपार सरली. पोटाचा दगड हळूहळू सैल झाला, पुन्हा आवळला, पुन्हा सैल झाला. लेकरू मात्र हलेना. मी घराच्या आढ्याकडे बघत पडले होते आणि मला माझ्या डाव्या हाताची इतकी लाज वाटत होती की तो मी पदराखाली घातला. एका हाताच्या लवेसाठी मी काय पणाला लावलं होतं! पहिल्या खेपेचा राग कुणाचा ते सांगता येत नव्हतं. या खेपेला येत होतं.

सासूबाई देवापुढे दिवा लावायला उठल्या आणि काडी ओढल्याचा आवाज झाला. तेवढ्यात सुईणीच्या तळव्याखाली काहीतरी टुणकन उसळलं. एकदा. मग बरगडीखाली अशी सणसणीत लाथ बसली की मी "आई" म्हणून ओरडले. आयुष्यात कुणाच्या माराचा मला इतका आनंद झालेला नाही.

"जागं झालं," सुईण म्हणाली, "आन् मायवर रागावलं हाये." तेव्हा कुठे सासूबाई रडल्या. हातात जळती काडी तशीच होती, ती बोटाला चटका देऊन विझली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

आता सुईणीला रागवायला वेळ मिळाला. पण ती ओरडली नाही. कोपऱ्यात बाजारासाठी भरलेली वांग्याची टोपली होती, त्यातलं एक वांगं तिनं उचललं आणि मला डोळे मिटायला सांगितले. मी मिटले.

"लागलं?"

"काय लागलं?"

मी डोळे उघडले. वांग्याच्या देठाचा काटा तिनं माझ्या अंगठ्यात रुतवून धरला होता. चांगला आत गेला होता. मग तिनं तोच काटा माझ्या कोपराच्या आत नुसता टेकवला आणि मी हात झटकला.

"हे पाह्य. हा अंगठा नाही, बैलाचं शिंग हाये. बापाच्या काहिलीनं याचं कातडं मारून टाकलं. गूय झाला का नाही ते याले समजते. गरम किती हाये ते याले समजत नाही. आन् तू यालेच विचारून राह्यली."

इतकी वर्षं मी त्या अंगठ्याचा तोरा मिरवला होता. फोड यायचे थांबले तेव्हा मला वाटलं होतं की मी शिकले. खरं म्हणजे तेव्हा तो अंगठा बधिर झाला होता, आणि ही गोष्ट आमच्या मळ्यात कुणाला कळली नाही, कारण तिथे सगळ्यांचेच अंगठे तसे.

ओटी ठरल्या दिवशीच भरली. सुईणीनं मला पाटावर पाय लांब करून बसवलं आणि फार वेळ बसू दिलं नाही. कासारणीनं आधी डाव्या हातात बांगड्या भरल्या, मग उजवा हात घेतला आणि थबकली. डावा हात लोण्यासारखा आणि उजवा भुट्ट्याच्या कणसासारखा. बायकांत खसखस पिकली. नणंद पदरात तोंड घालून बसली. मी काहीतरी सणसणीत बोलणार होते, पण सासूबाईंनी आधी तोंड उघडलं.

"एक हात सासरचा, एक माह्येरचा," त्या म्हणाल्या. "भरा व बांगड्या, हसता काय!"

त्या दिवसापासून आमचं दोघींचं जमलं, ते शेवटपर्यंत.

महिने पुरे भरून मुलगी झाली. खांद्यांवर, पाठीवर, कानांवरसुद्धा लव. माझीच पोर, शंकेला जागा नाही. सुईणीनं अकरा दिवस तिला न्हाऊ घातलं आणि बाराव्या दिवशी पाण्याचं घंगाळ माझ्यापुढे सरकवून नुसती बघत बसली. माझी चिमूट सवयीनं पाण्याकडे गेली होती. मी ती मुठीत दाबली आणि कोपर बुडवलं. सुईण पान लावायला लागली.

ती पोर आता एकोणीस वर्षांची आहे. जऊळक्याला दिली. सध्या लढाईमुळे रॉकेलही धड मिळत नाही, गाड्यांनाही झुंबड, तरी ती आगगाडीत बसून पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. सातवा लागला आहे. हात उघडे करून माझ्यापुढे धरले तर मला माझेच हात दिसले.

"माय, पाक कर न व. अशा हातानं बांगड्या भरू काय?"

नको म्हणणं सोपं होतं. पण मी नको म्हटलं असतं तर तिनं माझ्या पाठीमागे केलंच असतं, हे मला माहीत आहे, कारण ती कुणाची लेक आहे तेही मला माहीत आहे. शिवाय मला ते येतं, आणि आता नीट येतं. मी तिच्या पोटऱ्या बघितल्या. शिरा फुगलेल्या होत्या. फक्त हात करू, पायांचं नाव काढायचं नाही, आणि जरा जरी आग झाली तरी धुऊन टाकायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. मग चूल पेटवली, गूळ घातला, लिंबू पिळलं. पाक गडद झाला तसा मी तो वाटीत काढला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"झाला असन न व," ती म्हणाली. "अंगठ्यानं पाह्य एकदा. तुले तं लगेच समजते."

मी चिमटीत धरून बघितला. अंगठा म्हणाला ठीक आहे.

मग मी बाही वर सारली आणि माझ्या कोपराच्या आत एक थेंब सोडला. पोळला. मी तो पाण्यानं धुतला, वाटी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली, आणि पाक निवायची वाट बघत आम्ही बसलो.